मावळतीची नोंद

(हीरक महोत्सवी वर्षातील व्याख्यानाची संहिता)



राजधानीत येऊन स्थायिक झालेल्या मराठी माणसाची दिल्लीशी ओळख बहुधा कचेरीच्या वाटेने होते. कार्यालयाची इमारत, बसचा किंवा मेट्रोचा मार्ग, मुलांची शाळा, गणेशोत्सवाचा मांडव आणि वर्षातून एकदा गावी नेणारी रेल्वेगाडी, एवढ्यात त्याचे शहर सामावते. पुढे कधीतरी, मुले थोडी हाताबाहेर झाली की, घरातील एखादा जण शनिवारी संध्याकाळी कॅमेरा घेऊन बाहेर पडू लागतो. आधी हुमायूनचा मकबरा, मग लोदी उद्यान, मग पुराना किल्ला. घरच्यांना वाटते, नवी हौस आहे, चार दिवसांत फिटेल. ती फिटत नाही. नोएडा, गुरुग्राम, फरिदाबाद आणि दिल्ली या सगळ्या परिसरात अशी हौस जोपासणारी माणसे आज मोठ्या संख्येने आहेत. मावळत्या सूर्याच्या प्रकाशात जुन्या वास्तूंची छायाचित्रे टिपण्याचा त्यांचा छंद हाच या व्याख्यानाचा विषय.

मावळतीचे छायाचित्र सुंदर दिसते, याविषयी वाद नाही. प्रश्न असा की, त्या सौंदर्याचे पुढे काय होते? बहुतेक छायाचित्रे दोन दिवस मित्रमंडळींत फिरतात आणि मग मोबाईलच्या पोटात गडप होतात. परंतु त्याच छायाचित्राला ठिकाण, दिनांक, वेळ आणि दिशा जोडली की त्याचे मोल बदलते. ते केवळ शोभेचे चित्र राहत नाही. ती एका वास्तूच्या एका दिवसाची साक्ष होते. दिल्लीत वास्तू डोळ्यांदेखत बदलतात आणि काही वेळा नाहीशाही होतात. अशा शहरात हौशी माणसाने ठेवलेली नोंद ही सार्वजनिक ठेव ठरते. या व्याख्यानाचे म्हणणे एवढेच आहे.

या छंदाचा पहिला धडा दिशेचा. भारतात मशिदीचे तोंड मक्केच्या, म्हणजे पश्चिमेच्या बाजूला असते. त्यामुळे प्रार्थनेचा मुख्य भाग अंगणाच्या पश्चिम टोकाला येतो आणि पूर्वेकडून पाहणाऱ्याला सूर्य नेहमी घुमटांच्या पाठीमागे मावळताना दिसतो. दिल्लीची जामा मशीद पूर्वेच्या पायऱ्यांकडून पाहिली की तीन घुमट आणि दोन मनोरे काळ्या रेषेसारखे आकाशावर उमटतात. येथे एक भान ठेवावे लागते. सूर्यास्त हीच मगरिबच्या नमाजाची वेळ असते. अशा वेळी छायाचित्रकाराने आवाराबाहेर उभे राहून आपले काम करावे, हे सौजन्य आहे आणि नियमही.

लाल किल्ल्याचा लाहोरी दरवाजा मात्र पश्चिमाभिमुख, चांदणी चौकाकडे तोंड करून उभा. मावळतीचे ऊन त्याच्यावर समोरून पडते आणि तांबडा वालुकाश्म अक्षरशः पेटल्यासारखा दिसतो. हुमायूनच्या मकबऱ्यात आजचे येणेजाणे पश्चिमेच्या दारातून होते. म्हणून संध्याकाळी आत शिरणाऱ्याला सूर्य पाठीशी आणि उजळलेली वास्तू समोर, असा लाभ आपोआप मिळतो. १७५४ मध्ये बांधलेल्या सफदरजंगाच्या मकबऱ्याचे महाद्वार पूर्वेला आहे. तेथे नेमके उलट घडते. वास्तू काळवंडते आणि तिच्यामागचे आकाश रंगते. एकाच संध्याकाळी, अर्ध्या तासाच्या अंतरावरील दोन मकबरे दोन वेगळ्या तऱ्हांनी पाहावे लागतात. हे ज्याला उमगले, त्याने वास्तूकडे पाहायला सुरुवात केली असे समजावे.

दुसरा धडा सूर्याच्या चालीचा. ‘सूर्य पश्चिमेला मावळतो’ हे पाठ्यपुस्तकातील वाक्य वर्षातून दोनच दिवस काटेकोरपणे खरे असते. दिल्लीच्या अक्षांशावर जूनच्या अखेरीस तो पश्चिमेच्या सुमारे २७ अंश उत्तरेला मावळतो आणि डिसेंबरच्या अखेरीस तेवढाच दक्षिणेला. विषुवदिनांच्या आसपास त्याची मावळण्याची जागा रोज जवळजवळ स्वतःच्या व्यासाएवढी सरकते. इंडिया गेटकडून राष्ट्रपती भवनाकडे जाणारा कर्तव्य पथ जवळपास पूर्व-पश्चिम आहे. त्यामुळे त्या रस्त्याच्या रेषेत, राष्ट्रपती भवनाच्या घुमटामागे सूर्य उतरतो तो मार्च आणि सप्टेंबर महिन्यांतील मोजक्याच दिवशी. तो दिवस चुकला तर सहा महिने थांबावे लागते. सूर्यबिंब क्षितिजाला टेकल्यापासून पूर्ण बुडेपर्यंत दिल्लीत जेमतेम अडीच मिनिटे लागतात. त्यानंतरची वीस-पंचवीस मिनिटे आकाशात निळसर उजेड रेंगाळतो. जाणकार हौशी माणसे खरी वाट पाहतात ती त्या उजेडाची, कारण त्या वेळी दगड, झाड आणि आकाश यांच्यातील प्रकाशाचे अंतर मिटते आणि कॅमेऱ्याला तिन्ही गोष्टी एकदम पेलतात.

सूर्याच्या या चालीचे वेध घेण्यासाठीच सवाई जयसिंगांनी १७२४ मध्ये दिल्लीत जंतरमंतर उभारले. तेथील सम्राट यंत्र हे विटा-चुन्याचे प्रचंड छायायंत्र आहे. त्याची सावली जसजशी सरकते तसतशी वेळ कळते. आता या वेधशाळेभोवती उंच इमारती उभ्या राहिल्या असून त्यांच्या आडोशामुळे तेथे सूर्याचे पूर्वीसारखे वेध घेणे कठीण झाले आहे. वास्तू शाबूत असूनही तिचे प्रयोजन कसे हरवते, याचे हे उदाहरण. स्मारकाभोवतीच्या मोकळ्या जागेलाही किंमत असते हे ओळखून १९५८ च्या कायद्यात २०१० मध्ये दुरुस्ती झाली. संरक्षित वास्तूपासून १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत नियंत्रण, अशी तरतूद तिच्यात आहे. या तरतुदीचे पालन होते की नाही, हे दरवर्षी त्याच जागेवरून काढलेले हौशी छायाचित्र विनासायास सांगू शकते. घुमटामागे गतवर्षी केवळ आकाश होते आणि यंदा तेथे लोखंडी सळ्या दिसतात, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

तिसरा धडा रंगाचा, आणि तो सुखाचा नाही. सूर्य डोक्यावर असताना त्याच्या किरणांना हवेचा जेवढा थर ओलांडावा लागतो, त्याच्या सुमारे ३८ पट हवा क्षितिजावर असताना ओलांडावी लागते. या प्रवासात निळा प्रकाश विखुरला जातो आणि तांबडा तेवढा उरतो. हा निसर्गाचा नियम सगळीकडे सारखाच. दिल्लीच्या हिवाळ्यात मात्र त्यात धूळ, वाहनांचा धूर आणि जाळलेल्या भाताच्या काडाचा धूर मिसळतो. थंड हवा जमिनीलगत कोंडलेली असल्याने हे सारे वर निघून जात नाही. नोव्हेंबरमधील दिल्लीचा सूर्य तांब्याच्या जुन्या पैशासारखा फिका दिसतो, त्याच्याकडे डोळे न मिटता पाहता येते, आणि पुष्कळदा तो क्षितिजावर पोहोचण्याच्या आधीच धुरकटात विरून जातो. असे छायाचित्र मोहक दिसते. परंतु त्यातील मोहकपणा ज्या हवेचा आहे, तीच हवा या सभागृहातील मुले श्वासावाटे घेतात. पावसाची सर येऊन गेल्यानंतरच्या, ऑगस्टमधील संध्याकाळी त्याच जागेवरून काढलेले छायाचित्र शेजारी ठेवले की फरक दिसतो. प्रदूषणाचे आकडे वर्तमानपत्रात रोज छापून येतात आणि रोज विसरले जातात. शेजारी ठेवलेली दोन छायाचित्रे विसरली जात नाहीत.

नोकरी सांभाळून, सुटीच्या दिवशी वास्तूंची नोंद ठेवणाऱ्यांची परंपरा दिल्लीत कॅमेऱ्याहून जुनी आहे. १८४० च्या दशकात सय्यद अहमद खान हे दिल्लीत मुन्सफ होते. पुढे अलीगढच्या शिक्षणसंस्थेमुळे ते सर सय्यद म्हणून प्रसिद्धीस आले. कचेरीच्या कामातून मिळालेल्या वेळात त्यांनी शहराबाहेरचे मकबरे, मशिदी, विहिरी आणि किल्ले धुंडाळले. कुतुबमिनारावरील उंच जागचे शिलालेख खालून वाचता येईनात, तेव्हा ते बांबूंना बांधलेल्या टोपलीत बसून वर लटकले आणि अक्षरे उतरवून घेतली. या खटाटोपातून १८४७ मध्ये ‘आसार-उस-सनादीद’ हा उर्दू ग्रंथ सिद्ध झाला. दहा वर्षांनी १८५७ चा उठाव झाला. तो मोडल्यावर इंग्रजांनी लाल किल्ल्यातील बहुसंख्य इमारती पाडल्या. किल्ल्याभोवतीची वस्ती सपाट केली. अकबराबादी मशीद जमीनदोस्त केली. मुन्सफसाहेबांनी टोपलीत बसून अक्षरे उतरवली तेव्हा हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. नोंद ठेवणाऱ्याला पुढचे दिसत नसते. म्हणूनच नोंद वेळेवर ठेवावी लागते.

कॅमेरा आला तोही प्रथम हौशी मंडळींच्याच हाती. आग्र्याला इंग्रजांच्या सेवेत असलेले जॉन मरे हे व्यवसायाने डॉक्टर. रुग्ण पाहून उरलेल्या वेळात ते मेणाच्या कागदावर निगेटिव्ह तयार करून ताजमहाल आणि दिल्लीच्या वास्तू टिपत. रॉबर्ट टायटलर हे सैन्याधिकारी. १८५८ मध्ये ते आणि त्यांच्या पत्नी हॅरिएट यांनी मरे आणि फेलिचे बेआतो यांच्याकडून ही विद्या शिकून घेतली आणि दिल्लीची शेकडो छायाचित्रे काढली. इकडे मुंबईत १८५४ मध्ये छायाचित्रणाची सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या कामात सहभागी होते, आणि तेही पेशाने डॉक्टरच. छायाचित्रणाच्या हौसेशी मराठी माणसाचे नाते इतके जुने आहे. मरे आणि टायटलर दांपत्याची छायाचित्रे आज इतिहासाची साधने म्हणून अभ्यासली जातात. ती सुंदर आहेतच. पण त्यांचा उपयोग होतो तो ती कोठली आणि केव्हाची हे ठाऊक असल्यामुळे.

हा फरक ध्यानी यावा म्हणून अगदी अलीकडचे उदाहरण. ३० मे २०१४ रोजी दिल्लीत धुळीचे मोठे वादळ झाले आणि हुमायूनच्या मकबऱ्यावरील सुमारे १८ फूट उंचीचा तांब्याचा कलश कोसळला. नवा कलश चढला तो २०१६ मध्ये. मधल्या काळात तो संगमरवरी घुमट बोडका होता. त्या दोन वर्षांत काढलेल्या मावळतीच्या छायाचित्रांत कलशाची परिचित रेषा नाही. ज्यांनी तारीख लिहून ठेवली, त्यांच्याकडे एका जागतिक वारशाच्या आयुष्यातील विरळ काळाची नोंद आहे. ज्यांनी ती लिहिली नाही, त्यांच्याकडे काहीतरी चुकल्यासारखे वाटणारे एक चित्र आहे.

काही वास्तूंच्या नशिबी नवा कलश नसतो. मार्च २०२४ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने राष्ट्रीय महत्त्वाच्या यादीतून वगळण्यासाठी १८ स्मारकांची नावे जाहीर केली. त्यांतील अनेकांचा ठावठिकाणाच लागत नव्हता. या १८ नावांत दिल्लीतील बाराखंबा कब्रस्तान होते आणि फरिदाबादजवळच्या मुजेसरचा कोसमिनारही होता. कोसमिनार म्हणजे मोगल राजमार्गावर कोसाकोसावर उभारलेले दगडविटांचे खांब. त्यांतला एक आजही दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयाच्या आवारात उभा आहे. मुजेसरचा मिनार एका दिवसात गेला नसणार. आधी त्याला टेकून एखादी भिंत आली असेल, मग छप्पर, मग गोदाम. दरवर्षी एक छायाचित्र काढणारा एक जरी हौशी माणूस त्या रस्त्याने जात असता, तर तो नाहीसा होण्याच्या आधी कोणाच्या तरी नजरेस पडला असता. विसाव्या शतकाच्या आरंभी मौलवी जफर हसन यांनी दिल्लीतील स्मारकांची जी सूची केली, तिच्यात तेराशेहून अधिक नोंदी आहेत. हौशी छायाचित्रकार मात्र पुन्हा पुन्हा त्याच आठ-दहा प्रसिद्ध वास्तूंसमोर गर्दी करतात. कुतुबमिनाराच्या लाखो छायाचित्रांत आणखी एकाची भर पडली नाही, तर काही बिघडत नाही. गल्लीच्या टोकाला, शेवाळलेल्या घुमटीसमोर मात्र कोणीतरी उभे राहायला हवे.

मराठी छायाचित्रकाराला या शहरात आणखी एक जबाबदारी टाळता येत नाही. लाल किल्ल्यातील दिवाण-ए-खासच्या कमानींतून संध्याकाळचे तिरपे ऊन आत येते, तेव्हा संगमरवरावरील सोनेरी नक्षी उजळते. बहुतेकांचा कॅमेरा तेथे वळतो. वर जे छत दिसते ते नंतरचे. मूळचे चांदीचे छत १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंच्या सैन्याने काढले आणि त्याची नाणी पाडून फौजेचा खर्च भागवला. पानिपत अवघ्या काही महिन्यांवर होते; सैन्य उपाशी होते; हे सगळे खरे. तरीही ते छत मराठ्यांनी काढले, हेही खरे. पुढे १७७२ च्या जानेवारीत बादशहा शाह आलम महादजी शिंदे यांच्या बंदोबस्तात दिल्लीला परतला आणि कित्येक वर्षे या शहराचा कारभार मराठ्यांच्या छत्राखाली चालला. यमुनेपलीकडे, नोएडाच्या गोल्फ कोर्सच्या आवारात एक स्तंभ आहे. ११ सप्टेंबर १८०३ रोजी जनरल लेकच्या इंग्रजी फौजेने शिंद्यांच्या पलटणींचा त्या परिसरात पराभव केला आणि दिल्ली मराठ्यांच्या हातून गेली, त्याची ती खूण. रोज त्या रस्त्याने कार्यालयात जाणाऱ्या मराठी माणसांपैकी पुष्कळांना त्याची वार्ता नसते. अभिमानाच्या जागेचे छायाचित्र सगळेच काढतात. हिशेबाच्या आणि पराभवाच्या जागेचेही छायाचित्र काढून त्याखाली खरी ओळ लिहिणे, याला धैर्य लागते. तसे लिहिले तरच ती नोंद. एरवी ती आरती.

पालकांनी मुलांना या छंदात सामील करून घ्यायचे असेल तर साधने थोडकी पुरतात. साधा मोबाईल चालतो. बहुतेक संरक्षित वास्तू सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत खुल्या असतात. त्यामुळे नेमका रंग चढत असताना पहारेकऱ्याची शिट्टी ऐकू येते. तिचा मान राखावा. ट्रायपॉडसाठी आगाऊ परवानगी लागते. ती नसेल तर श्वास रोखून, भिंतीला कोपर टेकून हात स्थिर ठेवावा. वर्षातून चार दिवस ठरवावे: दोन विषुवदिन आणि दोन अयनदिन. घराजवळची एक अप्रसिद्ध वास्तू निवडावी. प्रत्येक वेळी त्याच दगडावर, त्याच झाडाजवळ उभे राहून छायाचित्र घ्यावे. वहीत वास्तूचे नाव, मोहल्ला, दिनांक, वेळ, कोणत्या दिशेला तोंड होते आणि गेल्या खेपेपेक्षा काय बदलले, एवढ्या सहा गोष्टी लिहाव्या. मोबाईल तारीख आपोआप नोंदवतो हे खरे. परंतु व्हॉट्सॲपवरून छायाचित्र पुढे गेले की ती माहिती गळून पडते. वहीतील शाई गळत नाही. दहा वर्षांत चाळीस छायाचित्रे जमतील. भूगोल, इतिहास आणि विज्ञान हे तीन तास ज्या एकाच संध्याकाळी भरतात, अशी ती शाळा होईल.

शाळेच्या हीरक महोत्सवी स्मरणिकेसाठी जुनी छायाचित्रे गोळा करणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट वेगळी पटवून द्यावी लागत नाही. स्नेहसंमेलनाचे, सहलीचे, निरोपसमारंभाचे छायाचित्र हाती येते. चेहरे स्वच्छ दिसतात. मागे कोठलीशी कमान असते, सावल्या लांबलेल्या असतात, म्हणजे वेळ संध्याकाळची. पण दुसऱ्या रांगेतील डावीकडून तिसरी मुलगी कोण, शेजारच्या बाई कोणत्या साली निवृत्त झाल्या, सहल कोठे गेली होती, हे सांगणारी माणसे एकेक करून कमी होत जातात. छायाचित्राच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलेल्या एका ओळीची किंमत तेव्हा कळते. वास्तूंना जे लागू आहे तेच माणसांना आणि संस्थांनाही लागू आहे. ज्या माजी विद्यार्थ्यांच्या घरी अशी छायाचित्रे असतील, त्यांनी ती ओळ आजच्या आज लिहावी.

दिल्लीत सूर्यास्त पाहण्यासाठी आज सर्वाधिक तरुण जमतात अशा जागांपैकी एक म्हणजे हौज खास. अलाउद्दीन खलजीने खोदवलेल्या तलावातील गाळ काढून फिरोजशाह तुघलकाने १३५२ मध्ये त्याच्या दक्षिण आणि पूर्व काठांवर एक मदरसा बांधला. पूर्व काठावरील सज्जांतून पाण्यापलीकडे मावळता सूर्य दिसतो. बसणाऱ्यांपैकी अनेकांना ठाऊक नसते की हे राजवाड्याचे अवशेष नसून एका शाळेचे आहेत. त्या खोल्यांत मुले राहत, शिकत, आणि संध्याकाळी याच कठड्यांपाशी येऊन तळ्याकडे पाहत असणार. त्या विद्यार्थ्यांची नावे कोणी लिहून ठेवली असती तर आज ती वाचायला केवढा आनंद झाला असता! राजधानीत साठ वर्षे मराठीतून शिकवणाऱ्या शाळेजवळ नावे आहेत, हजेरीपट आहेत, छायाचित्रे आहेत आणि ती ओळखणारी माणसे अजून या सभागृहात बसलेली आहेत. उजेड आहे तोवर हे काम उरकून घ्यावे.